ट्रेलरचं लाकडी फ्लोअर बदलून घेताना: वडोदऱ्यातल्या एका बॉडी वर्कशॉपच्या कामाचं परीक्षण

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर जांबुवा ते पोर या पट्ट्यातल्या एका बॉडी वर्कशॉपमध्ये आमच्या ४० फुटी, तीन ॲक्सलच्या फ्लॅटबेड ट्रेलरचं संपूर्ण लाकडी फ्लोअर बदललं गेलं. हे परीक्षण त्या कामाचं आहे. वर्कशॉपचं नाव देत नाही, कारण यातल्या उणिवा त्या एकाच ठिकाणच्या नाहीत. वडोदऱ्यात कुठेही पाटिया (फ्लोअरच्या फळ्या) बदलायला गाडी दिली तरी याच गोष्टी समोर येतात. मकरपुरा, सावली, वाघोडियाकडची यंत्रं आणि ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या वाहणाऱ्या गाडीमालकांना ही माहिती वर्कशॉपच्या दारात उभं राहण्याआधी असावी, म्हणून तपशिलात लिहितो.

निकाल आधी सांगतो: पाचपैकी साडेतीन. लोखंडाची साफसफाई आणि जोडांची मांडणी उत्तम झाली. बोल्टची निवड, फळ्यांच्या टोकांना लेप आणि मापाचा हिशेब या तीन ठिकाणी गुण गेले. यातल्या दोन चुका वेळीच धरल्या म्हणून सुधारल्या. धरल्या नसत्या तर दोन-तीन पावसाळ्यांत फ्लोअर पुन्हा उखडावं लागलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा की लाकडी फ्लोअर सहसा मधून सडत नाही. ते तीन ठिकाणी सडतं: क्रॉस मेंबरवर (फळ्यांखालच्या आडव्या लोखंडी चॅनलवर) टेकलेल्या पट्ट्यात, फळीच्या कापलेल्या टोकाशी आणि बोल्टच्या भोकात. या तिन्ही जागा वरून दिसत नाहीत. वरून फळी ठणठणीत वाटते आणि खालून टोचा लावला की लोण्यासारखा आत जातो. म्हणून 'फक्त चार फळ्या गेल्यात, तेवढ्याच बदला' असं सांगण्यापूर्वी गाडीखाली टॉर्च घेऊन जावं आणि प्रत्येक क्रॉस मेंबरच्या दोन्ही कडांना लागून टोचा मारून पाहावा. टोचा पाच-सहा मिमीपेक्षा जास्त सहज घुसला तर ती फळी गेली असं धरावं. हातोडीने ठोकल्यावर निरोगी फळी टणक वाजते, कुजलेली बद्द आवाज देते. या गाडीत वरून नऊ फळ्या खराब दिसत होत्या, खालून तपासल्यावर वीसच्या वर निघाल्या. मग सगळंच फ्लोअर काढायचं ठरलं आणि तो निर्णय बरोबर होता. निम्म्या जुन्या आणि निम्म्या नव्या फळ्यांची जाडी कधीच जुळत नाही, आणि फोर्कलिफ्टचं चाक त्या पायरीवरच आपटत राहतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. ज्यांचे लो-बेड ट्रेलर तेव्हा फ्लोअरपर्यंत पाण्यात उभे होते, त्यांनी ही टोचा-तपासणी खास करावी. पुराचा गाळ फळी आणि लोखंडाच्या मधल्या फटीत बसतो आणि वरचं लाकूड सुकलं तरी आतली ओल धरून ठेवतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो.

आता लाकूड. वर्कशॉपने तीन पर्याय दिले: दोन इंची साल (सालवृक्षाचं लाकूड), दीड इंची केरुइंग (त्याच कुळातलं लाकूड) आणि २८ मिमीचं प्लायवुड. चौथा पर्याय चेकर्ड प्लेटचा (उठावदार नक्षीच्या लोखंडी पत्र्याचा), तो नेहमीच असतो.

४० फूट बाय ८ फूट म्हणजे ३२० चौरस फूट. दीड इंच जाडीला ४० घनफूट लाकूड लागतं, दोन इंचाला सव्वात्रेपन्न घनफूट. कापाकापी आणि नापास फळ्या धरून दहा टक्के जास्त घ्यावं, म्हणजे दोन इंची सालासाठी ५८-५९ घनफूट. हा हिशेब तोंडपाठ असावा, कारण घोळ इथेच होतो. लातीवाला (लाकडाच्या वखारीचा व्यापारी) मोजतो ते करवतीच्या मापाने, आणि रंधा मारल्यावर दोन इंची फळी ४५ मिमीच्या आसपास राहते. हे चूक नाही, लाकडाच्या धंद्याची रीतच आहे. पण कोटेशनवर 'रंधलेली जाडी किमान ४५ मिमी' असं लिहून घेतलं नाही तर ४० मिमीच्या फळ्याही दोन इंचाच्या नावाने बसतात. आमच्या मोजणीत सहा फळ्या ४१-४२ मिमीच्या निघाल्या. बदलून मिळाल्या, पण बिलातला घनफुटाचा आकडा त्यानंतरही दोन वेळा तपासून घ्यावा लागला.

जाडीबद्दल एवढा आग्रह का, हे फोर्कलिफ्टच्या चाकाखाली पाहिलं की कळतं. तीन टनी डिझेल फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन चार-साडेचार टन असतं. पूर्ण भार उचलला की जवळपास साडेसहा टन पुढच्या ॲक्सलवर येतात, म्हणजे एकेका चाकाखाली सव्वातीन टन, आणि ते टेकतात हाताच्या पंज्याएवढ्या जागेवर. फळीची वाकण सहन करायची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते आणि ताठरपणा घनाने. ३८ मिमीऐवजी खरोखर ५० मिमी घेतली तर ताकद सुमारे पावणेदोन पट आणि ताठरपणा सव्वादोन पटीहून थोडा जास्त. उलट बाजूने पाहिलं तर ५० ची ४१ झाली की ताकद एक तृतीयांश गेली. गाडीत फक्त पोती आणि खोकी भरायची असतील तर दीड इंच पुरतं. मागच्या दाराकडून फोर्कलिफ्ट चढणार असेल तर पुरत नाही.

साल हे आपल्याकडचं जुनं, खात्रीचं लाकूड. रेल्वेचे लाकडी स्लीपर वर्षानुवर्षं सालाचे होते. गाभ्याचं लाकूड स्वतःच टिकाऊ असतं, पण तेवढंच. फळीच्या कडेला जो पांढुरका, फिकट पट्टा असतो त्याला ना कीड टळते ना कूज. म्हणून 'ट्रीटमेंट केलंय' या शब्दावर विसंबून पांढरी कड स्वीकारू नये. जी फळी वरच्या अंगाला तपकिरी आणि खालच्या अंगाला पांढरी आहे, ती परत करावी. या कामात ३६ फळ्यांपैकी पाच याच कारणाने परत गेल्या आणि वर्कशॉपने कुरकुर न करता बदलून दिल्या. त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

'मलेशियन साल' या नावाने लातीत मिळणारं लाकूड मात्र नेहमी एकाच जातीचं नसतं. गांधीधामकडून येणाऱ्या कडक लाकडांत वेगवेगळ्या वजनाचं लाकूड एकाच नावाखाली विकलं जातं. नाव विचारण्यापेक्षा वजन करावं. एक फूट लांब, आठ इंच रुंद, दोन इंच जाड तुकडा म्हणजे एक नवमांश घनफूट. सुकलेल्या चांगल्या सालाचा असा तुकडा अडीच ते पावणेतीन किलो भरतो. दोन किलोच्या खाली भरला तर ते हलकं लाकूड आहे, त्याला काहीही नाव असो.

केरुइंग हा सालाच्याच कुळातला, आपल्या गर्जनाचा भाऊबंद. कंटेनरच्या फ्लोअरसाठी जगभर हेच वापरत आले. सालापेक्षा सरळ, कमी फाटणारं, कापायला सोपं. दोष एकच, पण वडोदऱ्याच्या मे महिन्यात तो ठळक होतो: उन्हात त्यातून चिकट राळ पाझरते. यंत्रांना फरक पडत नाही. कागदी पॅकिंग किंवा कापडाचे तागे भरणाऱ्यांनी ते टाळलेलं बरं.

ओल हा सालाचा खरा त्रास. दोन इंची साल नुसत्या हवेवर आतपर्यंत सुकायला दोन वर्षांच्या आसपास लागतात, आणि एवढं थांबलेलं लाकूड बाजारात क्वचित मिळतं. जे 'सुका माल' म्हणून मिळतं ते वरून सुकलेलं असतं. ओल मोजायच्या मीटरच्या सुया सहा-आठ मिमी आत जातात, म्हणून मीटर १४ टक्के दाखवतो आणि फळीचं पोट ३० वर असतं. मीटर लावायचाच तर फळीच्या टोकापासून फूटभर कापून ताज्या कापाच्या मधोमध लावावा. लातीत यावर नाखुषी दिसते, पण एका फळीवर तेवढं करू देतात. आमच्या मालात मधोमध २२ ते २६ आली. हे आदर्श नाही, पण माहीत असेल तर बसवताना त्याची सोय करता येते.

सोय दोन प्रकारची. पहिली फटीची. आठ इंची ओली सालाची फळी सुकताना रुंदीत आठ-दहा मिमीपर्यंत आक्रसू शकते. म्हणून ओल्या फळ्या एकमेकींना भिडवून, क्लॅम्पने दाबून बसवायच्या. फट आपोआप पडते. नीट सुकलेल्या फळ्या असतील तर उलट. उन्हाळ्यात बसवताना चार-पाच मिमी फट सोडावी, कारण पावसाळ्यात प्रत्येक फळी तीनेक मिमी फुगते. बारा फळ्यांचा फुगारा मिळून बाजूची पट्टी बाहेर ढकलतो, नाहीतर फळ्या मधून उचलल्या जातात. भर पावसाळ्यात बसवलं तर दोन मिमी पुरे. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना एकच फट सोडायची सवय आहे, एका खिळ्याच्या जाडीची. फळ्यांची ओल न विचारता ठरवलेली कोणतीही फट चूक ठरते.

दुसरी सोय फळीच्या तोंडाची. फळीच्या टोकाला वर्तुळांच्या रेषा दिसतात. सुकताना फळीच्या कडा झाडाच्या सालीच्या बाजूला वळतात. ओली फळी गाभ्याची बाजू वर करून बसवली तर कडा खाली जातात, मधला भाग किंचित उंच राहतो आणि पाणी ओघळून जातं. सालीची बाजू वर ठेवली तर दोन वर्षांत प्रत्येक फळी परातीसारखी होते आणि पाणी धरते. पूर्ण सुकलेल्या फळीला नियम उलटा, कारण ती पुढे ओलच खाणार असते. मिस्त्रींना हे सांगायला लागलं नाही. त्यांनी प्रत्येक फळीच्या टोकावर खडूने बाण काढूनच माल रचला होता. अशी जाण असलेला कारागीर मिळणं ही या वर्कशॉपची खरी कमाई आहे.

आता प्लायवुड, कारण हल्ली ते फार खपवलं जातं. खरं २८ मिमीचं कंटेनर-फ्लोअर प्लाय उत्तम असतं. ८ बाय ४ चे १० तक्ते लागतात, फ्लोअरचं एकूण वजन ६०० किलोच्या आसपास राहतं. तुलनेला दोन इंची साल बाराशे-तेराशे किलो आणि ६ मिमी चेकर्ड प्लेट साधारण चौदाशे ऐंशी किलो. म्हणजे प्लायने अर्धा टनाहून जास्त माल वाढीव भरता येतो, आणि सालाने प्लेटच्या तुलनेत फार काही वाचत नाही, हेही खरं. फ्लोअरचा प्रकार बदलताना आरसीवरचं रिकाम्या गाडीचं वजन डोक्यात ठेवावं. लाकडाच्या जागी लाकूड हा दुरुस्तीचा मामला. प्लायच्या जागी प्लेट टाकून पाऊण टनाहून जास्त वजन वाढवलं तर फिटनेसला प्रश्न येणारच, म्हणून आधी आरटीओकडे विचारून घ्यावं.

पण प्लायमध्ये दोन फसवे रस्ते आहेत. पहिला, तक्ता आडवा टाकणं. आठ फुटी बाजू गाडीच्या रुंदीत अगदी मापात बसते, कापाकापी नाही, म्हणून मोह होतो. पण तसं केलं की वरच्या थराचे रेषे क्रॉस मेंबरला समांतर जातात आणि प्लाय त्याच्या कमजोर दिशेने वाकतो. रेषे गाडीच्या लांबीत हवेत, म्हणजे तक्ते लांबीत, दोन-दोन शेजारी. तरीही दहाच तक्ते लागतात. मग मधोमध जो लांब जोड येतो त्याखाली आधाराची पट्टी वेल्ड करावी लागते. कंटेनरमध्ये तिथे लोखंडी पट्टी असते ती उगाच नाही. वर्कशॉपच्या कोटेशनमध्ये ही पट्टी नव्हती.

दुसरा रस्ता जास्त वाईट: १२ मिमीच्या काळ्या शटरिंग प्लायचे (काँक्रीटच्या साच्यांसाठीच्या प्लायचे) दोन थर एकावर एक. वरून दिसायला अँटी-स्किड फ्लोअरसारखंच. पण न चिकटवलेले दोन १२ मिमी म्हणजे एक २४ मिमी नव्हे. ताकद निम्मी आणि ताठरपणा एक चतुर्थांश, शिवाय मधल्या फटीत पाणी कायम. हे कोणीही, कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नये. प्लायचा डिंक तपासायचा असेल तर गडद थर पाहून समाधान मानू नये, रंग मिसळता येतो. आयएस ७१० च्या मरीन प्लायला ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी असते, आयएस ३०३ च्या बीडब्ल्यूआरला (उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लायला) ८ तासांची. हातभर तुकडा आणून दिवसभर पाण्यात उकळला तर खोटा माल थर सोडून मोकळा होतो.

या गाडीसाठी दोन इंची साल घेतलं. यंत्रं आणि फोर्कलिफ्ट असलेल्या गाडीला आजही तेच योग्य वाटतं. चेकर्ड प्लेट पावसात आणि तेलकट झाली की यंत्राचा लोखंडी पाया तिच्यावर साबणासारखा सरकतो. लाकूड पकड देतं, खिळा-पाचर घ्यायला तयार असतं आणि एक फळी मेली तर एकच बदलता येते.

काढण्याचं काम दीड दिवस चाललं. बोल्ट जुने, गंजलेले, डोकी फळीत बुडालेली. त्यांनी नट खालून ग्राइंडरने उडवले, गॅस कटर वापरला नाही. हे आवर्जून सांगण्यासारखं आहे, कारण वर्षानुवर्षं तेल-डिझेल प्यायलेल्या फळ्या गॅसच्या एका ठिणगीने धुमसतात आणि तासाभराने पेटतात. खालून जाणारे ब्रेकचे एअर पाइप आणि दिव्यांच्या वायरी आधी सोडवून बाजूला बांधल्या. नवीन भोकं पाडताना ड्रिल खाली उतरतं तिथे नेमका एअर पाइप असतो, आणि त्याला पडलेलं बारीक भोक गाडी निघाल्यावर दाब उतरताना कळतं.

फळ्या उचलल्यावर क्रॉस मेंबर उघडे पडले: १०० मिमीचे चॅनल, ४०० मिमी अंतराने, एकूण ३१. खरं काम इथून सुरू होतं. गंज लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो, म्हणून फळी आणि चॅनलच्या मध्ये साठलेला गंज फळीला वर रेटतो आणि बोल्ट ताणून तोडतो. त्यावर नुसता रंग मारून फळ्या टाकल्या तर चार वर्षांचं काम दीड वर्षात जातं. इथे छन्नी-हातोडीने पापुद्रे काढून, ग्राइंडरवर तारेचा कप लावून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं. मग व्हर्नियरने वरच्या पट्टीची जाडी मोजली. नव्या चॅनलची पट्टी साडेसात मिमीच्या आसपास असते. सहा चॅनल पाचच्या खाली उतरले होते, सगळे मागच्या दाराजवळचे. त्यातले चार बदलले, दोनांवर ६ मिमीची पट्टी वेल्ड केली. लांबीच्या मुख्य बीमच्या खालच्या पट्टीला कुठेही आडवं वेल्ड मारलं नाही. हे तपासून घ्यावं, कारण भारात ती पट्टी ताणाखाली असते आणि आडव्या वेल्डपासून तडा सुरू होतो. वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या जागेजवळ लावली होती, ॲक्सलपलीकडे नाही, त्यामुळे करंट बेअरिंगमधून गेला नाही.

मागच्या तीन मीटरमध्ये, जिथे फोर्कलिफ्ट चढते, प्रत्येक दोन चॅनलच्या मध्ये एकेक जादा चॅनल बसवून घेतला. अंतर निम्मं झालं की फळीला वाकवणारा जोरही जवळपास निम्मा होतो. आठ चॅनलचा खर्च आहे, पण सगळ्या फ्लोअरची जाडी वाढवण्यापेक्षा तो कितीतरी कमी आहे.

जोडांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. ४० फुटी फळी मिळत नाही. १२, १४ आणि १४ अशा तीन लांबी जोडून एक रांग होते, म्हणजे प्रत्येक रांगेत दोन जोड. जोड चॅनलवरच आला पाहिजे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण चॅनलची पट्टी ५० मिमी रुंद. दोन फळ्यांची टोकं त्यावर टेकली की प्रत्येकीला २५ मिमी जागा, आणि बोल्ट टोकापासून जेमतेम १२ मिमीवर. तिथे साल फाटणारच. १० मिमीच्या बोल्टला टोकापासून किमान ४० मिमी अंतर लागतं, साठ-सत्तर मिळालं तर उत्तम. म्हणून जोडाच्या ओळीत चॅनलच्या दोन्ही बाजूंना ५० बाय ५० बाय ६ चा अँगल वेल्ड करून बैठक १५० मिमी रुंद केली. सुरुवातीच्या कोटेशनमध्ये हे नव्हतं. सुचवल्यावर मिस्त्रींनी लगेच मान्य केलं आणि शेजारच्या रांगांतले जोड एकाच चॅनलवर येणार नाहीत असा नकाशा जमिनीवरच खडूने आखला. संपूर्ण कामातला सर्वांत सुंदर भाग हाच.

घासलेल्या पट्ट्यांवर झिंक प्रायमरचे दोन हात, आणि त्यावर बिटुमनची पातळ टेप. ३१ चॅनल गुणिले २.४४ मीटर म्हणजे ७६ मीटर, जादा चॅनलसह ९५ च्या वर; २० मीटरचे पाच रोल आणावेत. कुठे कुठे जाड रबराची पट्टी टाकतात. ती दाबली जाते, फळी तिच्यावर खेळते आणि बोल्ट ढिले पडतात. टेप पातळच हवी, तिचं काम ओलं लाकूड लोखंडापासून वेगळं ठेवण्याचं आहे, गादीचं नाही.

बोल्टवर पहिला मोठा वाद झाला. वर्कशॉपने आणले ते पिवळे झिंक प्लेटेड, चकाकणारे. पावसात सालाचं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) लोखंडाला खातं, बोल्टभोवती काळा डाग पडतो, आणि पातळ प्लेटिंग एका मोसमात निघून जातं. लाकडाला तांब्याच्या क्षारांचं औषध मारलेलं असेल तर आणखी लवकर. हवेत ते हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले), करड्या रंगाचे, जरा खरखरीत. एम१० चे (१० मिमीचे) काउंटरसंक, म्हणजे डोकं फळीत बुडणारे बोल्ट, ७५ मिमी लांबीचे. नटही गॅल्व्हनाइज्ड बोल्टच्या मापाचेच हवेत, साधे नट त्यावर चढत नाहीत आणि मग आटे कापून जस्त घालवतात. चॅनलची पट्टी आतून उतरती असते, म्हणून खाली तिरकस वायसर. सपाट वायसर लावला तर बोल्ट वाकून बसतो. प्रत्येक फळीच्या प्रत्येक टोकाला दोन आणि मधल्या प्रत्येक चॅनलवर एक, आलटून पालटून डाव्या-उजव्या कडेला, असे एका रांगेत ३९. बारा रांगांचे ४६८, जादा चॅनलचे ९६ वेगळे. सहाशे मागवले, छत्तीस उरले आणि ते गाडीच्या पेटीत ठेवले. डोकं फळीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन मिमी गेलं पाहिजे, जास्त नाही. खोल खड्डा म्हणजे पाण्याची वाटी.

स्वतः भोक पाडत जाणारे विंग स्क्रू लवकर लागतात आणि प्लायला चालतात. दोन इंची सालात ते तापतात, डोकी तुटतात आणि ओलं लाकूड आक्रसलं की कसायला खाली नट नसतो. या कामात ते नाकारले.

दुसरी चूक टोकांची. फळी आडवी कापली की टोकाकडून पाणी जितकं आत शिरतं तितकं रुंद बाजूने कधीच शिरत नाही, आणि सुकताना तडेही तिथूनच जातात. पहिल्या दिवशी बसवलेल्या दहा फळ्यांची टोकं कोरडीच होती. त्या सोडवून, टोकांना आणि बोल्टच्या भोकांना बिटुमन पेंटचे दोन हात मारून पुन्हा बसवायला लावल्या. अर्धा दिवस गेला, तोंडंही वाकडी झाली. पण ज्या जागेवरून फ्लोअर मरतं ती जागा उघडी सोडून बाकी सगळं चांगलं करण्यात अर्थ नाही. टोक कापल्याबरोबर लेप, बसवण्याआधीच. नंतर ब्रश तिथे पोचतच नाही.

बसवताना ट्रेलर लँडिंग लेगवर (पुढच्या टेकू-पायांवर) आणि स्वतःच्या चाकांवर उभा होता, मध्ये जॅक लावला नव्हता. हे बरोबर. रिकाम्या ट्रेलरचं पोट थोडं वर असतं, भार पडला की ते सरळ होतं. ते आधीच जॅकने बदलून फळ्या आवळल्या तर सगळे बोल्ट कायमच्या ताणात राहतात.

वरून काय लावायचं यावर वर्कशॉपचा आग्रह जळक्या इंजिन ऑइलचा होता. तो मानू नये. ते आत फारसं मुरत नाही, धूळ धरतं, फ्लोअर निसरडं करतं आणि माल खराब करतं. उकळलेलं अळशीचं तेल थोडं टर्पेंटाइन घालून पातळ करावं, दोन हात मारावेत, दुसरा हात पहिला मुरल्यावर. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवावीत किंवा एकेक पसरून वाळवावीत. ओल्या सालाला पहिल्याच आठवड्यात तेल लावण्याची घाई नको. एक उन्हाळा जाऊ द्यावा.

दोन सुतार, दोन मदतनीस आणि एक वेल्डर, मिळून सहा दिवस लागले. सांगितले होते चार. वाढलेल्या दोन दिवसांपैकी एक अँगल आणि जादा चॅनलचा, तो आमच्याकडून वाढलेला. दुसरा त्यांच्या बोल्ट आणि टोकांच्या चुकांचा. मजुरी चौरस फुटावर ठरली होती म्हणून जास्तीच्या दिवसाचा भुर्दंड पडला नाही. रोजावर ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ताबा घेताना वर्कशॉपने 'काही ढिलं झालं तर घेऊन या' एवढंच सांगितलं. तेवढ्यावर सोडू नये. ओलं साल आक्रसतं, फळी जाडीत दीड-दोन मिमी कमी होते आणि घट्ट आवळलेला नट महिन्याभरात हाताने फिरतो. पहिलं आवळणं एक महिन्याने किंवा पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर, दुसरं पावसाळा संपल्यावर नवरात्राच्या सुमाराला, तिसरं पुढच्या मे महिन्यात. पहिल्या आवळण्याला इथे ५६४ पैकी दीडशेच्या वर नट अर्धा ते एक फेरा फिरले, बहुतेक मधल्या रांगांचे. त्याचे पैसे मूळ मजुरीत धरून घ्यावेत आणि बिलावर तारखेसकट लिहून घ्यावं. आमच्या बिलावर पहिल्या दोन वेळा लिहिलेल्या आहेत, मेची वेळ वेगळी ठरवावी लागली.